६ लाखांत कॉफी शॉप: बरिस्ता कोर्स करू की धंदा शिकू?

रांगडा_कप: कोल्हापुरात राजारामपुरीत छोटं कॉफी शॉप काढायचंय. ६ लाख आहेत, वर एक रुपया नाही. आधी बरिस्ता कोर्स, म्हणजे मशीनवर कॉफी बनवायचा कोर्स करू की हिशेब शिकू? गाळे दोन बघितलेत. कोपऱ्यावरचा २८ हजार भाडं, आतल्या गल्लीतला १४.

फेसाळ: इटालियन टू-ग्रुप मशीन घ्या, एका वेळी दोन ठिकाणी कॉफी निघते. मी साडेचार लाखांना घेतलं. गिऱ्हाईक मशीन बघूनच आत येतं.

चिकोरीप्रेमी: बजेट वाचलंत का? फिल्टर कॉफी द्या, सत्तर टक्के कॉफी, तीस टक्के चिकोरीवाली (चिकोरी म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड). मशीनच नको.

बिनसाखर: चिकोरी म्हणजे भेसळ.

चिकोरीप्रेमी: भेसळ कशी? पाकिटावर टक्केवारी छापलेली असते की!

गल्ल्यावरचा: कोर्स राहू दे, कागद घे. डबल शॉटला, म्हणजे एका कपातल्या कडक कॉफीला, १८ ग्रॅम बिया. किलोला १२०० धरले तर २२ रुपये. दीडशे मिली दूध १०, कप-झाकण-साखर ६. झाले ३८. शंभरला विकलीस तर ६२ उरले. कोपऱ्याचं नुसतं भाडं निघायला महिन्याला साडेचारशे कप. पगार आणि कमर्शियल दराची वीज त्यापुढं. जीएसटीत गेलास तर ५ टक्क्यांच्या दरात मशीनवरच्या जीएसटीची वजावट मिळत नाही, हे मशीन विकणारा सांगणार नाही. सांडलेलं, नासलेलं दूध रोज लिही. आतलाच गाळा घे.

मीच_तो: फेसाळ यांना अनुमोदन, मशीनच महत्त्वाचं.

पुणेरी_घोट: आमच्याकडं पोरं एका कोल्ड कॉफीवर तीन तास वायफाय वापरतात. नका पडू यात.

वैतागलेला: माझ्या मालकानं अकरा महिन्यांनी दीडपट भाडं मागितलं. तोवर फर्निचर भिंतीत ठोकून झालेलं. करार ३ वर्षांचा, नोंदणीकृत, वाढीचा टक्का आधीच लिहून घ्या. आणि आतलाच घ्या.

बिनसाखर: चहाचं दुकान टाका.

रांगडा_कप: सगळ्यांचे आभार. कोपऱ्याचं टोकन दिलं. सकाळी दोन्हीकडं उभा राहून माणसं मोजली; आत शाळेच्या रिक्षांशिवाय काही फिरकत नाही. करार ३ वर्षांचा केला. मशीन जुनं, सिंगल ग्रुप. कोर्स नाही, मित्राच्या कॅफेत महिनाभर काउंटरला उभा राहणार.

गल्ल्यावरचा: साडेचारशे कप, भावा. फक्त भाड्याचे.

फेसाळ: जुनं?? बॉयलर उघडून बघितलात का?

चिकोरीप्रेमी: फिल्टर ठेवणार का नाही ते सांगा.