मदत हवी आहे : उमेदवाराला पाच लाखांची देणगी, घ्यावी का? (सांगली, तातडीचं)

प्रचारहिशेब | 25 ऑक्टोबर 2024, सकाळी 8:40
आमच्या उमेदवाराला एक जण पाच लाख देतायत. चेकनं. वर चार बोलेरो, डिझेलसकट, प्रचार संपेपर्यंत. अट एकच, त्यांचं नाव कुठं यायला नको. कायद्यानं अडचण आहे का आणि घेणं बरोबर आहे का, दोन्ही सांगा. ‘वकिलाला विचारा’ हे उत्तर नको, वकील घ्या म्हणतात. दुपारपर्यंत त्यांना कळवायचंय.

कृष्णाकाठ | 8:55
निवडणूक कुठली? पक्ष की अपक्ष? अर्ज भरला का? चेक माणसाचा की कंपनीचा? देणारे काय करतात? यातलं एकही न सांगता उत्तर कसं देणार?

प्रचारहिशेब | 9:02
विधानसभाच, आत्ता दुसरी कुठली चालू आहे? अपक्ष. अर्ज मंगळवारी शेवटच्या दिवशी भरणार. खातं उमेदवाराचं आहेच की, सहकारी बँकेत, जुनं. चेक त्यांच्या प्रायव्हेट लिमिटेडचा.

सीए_विश्रामबाग | 9:20
जुनं खातं चालत नाही. निवडणूक खर्चासाठी वेगळं खातं लागतं आणि ते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. उद्या चौथा शनिवार, परवा रविवार. म्हणजे तुमच्याकडं आजचा दिवस आणि सोमवार, बस्स. सोमवारवर ढकलू नका, केवायसीत एक कागद कमी पडला तर मंगळवारी खाते क्रमांकाशिवाय उभे राहाल. खातं एकट्या उमेदवाराच्या नावानं किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त. बायको-भावाबरोबर संयुक्त नको, ते स्वतः निवडणूक प्रतिनिधी असतील तरच चालतं. बँक सहकारी असली तरी हरकत नाही.

सगळी आवक आधी या खात्यात, सगळी जावक यातूनच. उमेदवाराचे स्वतःचे पैसेसुद्धा आधी इथं जमा करायचे. एका माणसाला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत मिळून 10,000 पेक्षा जास्त रोख देता येत नाही. मंडपवाल्याला आज आठ हजार आणि दहा दिवसांनी पाच हजार रोख दिले की मर्यादा मोडली. बहुतेकांचा हिशेब इथंच फसतो, कारण ते प्रत्येक पावती वेगळी धरतात.

कंपनीचा चेक परत करा. कंपनी कायद्याचं कलम 182 मुळात राजकीय पक्षाला देणगी देण्याबद्दल आहे. संचालक मंडळाचा ठराव लागतो, कंपनीला तीन आर्थिक वर्षं पूर्ण झालेली लागतात, आणि 15 फेब्रुवारी 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या इलेक्टोरल बाँड निकालानंतर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही परत आली आहे. अपक्षासाठी त्या भानगडीत कशाला पडायचं? त्यांच्या वैयक्तिक खात्यातून घ्या.

बेदाणा_तासगाव | 9:31
अपक्षाला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळत नाही, हे त्यांना सांगितलंय का? सवलत फक्त पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला (देणग्या गोळा करून पक्षांना देणारी संस्था) दिलं तर, तीही रोखीनं दिलं तर नाही.

प्रचारहिशेब | 9:36
त्यांना सवलत नकोच आहे. नाव नको एवढंच म्हणणं आहे.

शाहूनगर_सातारा | 9:58
मग त्यांना काय हवंय, हे विचारलंत का? कृष्णाकाठांच्या शेवटच्या प्रश्नाला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. देणारे करतात काय?

प्रचारहिशेब | 10:05
रस्त्यांची कामं घेतात. सार्वजनिक बांधकाम आणि जिल्हा परिषद. पण आमचा माणूस निवडून आला तरच संबंध येणार ना?

शाहूनगर_सातारा | 10:30
निवडून येण्यासाठीच तर उभे राहताय. आमदार झाल्यावर कुठला रस्ता आधी सुचवायचा, आमदार फंडातलं काम कुठं टाकायचं, खराब डांबरीकरणाबद्दल सभागृहात प्रश्न विचारायचा की नाही, हे सगळं तुमच्या माणसाच्या हातात येणार. ज्याच्या रस्त्यावर प्रश्न विचारायचा त्याच्याच गाडीतून प्रचार केलेला असेल, तर प्रश्न लिहिताना हात आखडतो.

कायद्याचं म्हणाल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 9-अ उमेदवाराचा स्वतःचाच राज्य सरकारशी ठेका चालू असेल तर त्याला अपात्र ठरवतं. ठेकेदारानं दुसऱ्याला देणगी दिली तर ते कलम लागत नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या ठेकेदाराला केंद्रीय निवडणुकीत देणगी देता येत नाही, आपल्याकडं तसा आडवा बांध नाही. म्हणून तो आपणच घालायचा. वकील ‘घ्या’ म्हणाले ते कायद्यापुरतं. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, त्यातल्या दुसऱ्याचं उत्तर त्यांनी दिलेलंच नाही.

आणि सीएसाहेब, कंपनीऐवजी वैयक्तिक खात्यातून घ्या हा सल्ला मला पटत नाही. त्यानं कागद सोपा होतो, पण कंपनीचं नाव झाकलं जातं. देणगीदारांच्या यादीत नुसतं एका माणसाचं नाव दिसेल, रस्ते कोण करतं ते मतदाराला कळणार नाही.

सीए_विश्रामबाग | 10:41
झाकायला सांगितलेलं नाही. कंपनीचे पैसे अपक्षाच्या खात्यात आले तर उद्या कंपनी आणि उमेदवार दोघंही खुलासे देत बसतील, म्हणून सांगितलं. वैयक्तिक घ्या आणि नावापुढं व्यवसाय लिहा.

शाहूनगर_सातारा | 10:44
निवडणूक खर्चाच्या हिशेबात देणग्यांचा तक्ता असतो, शेड्यूल 9. त्यात नाव, पत्ता, तारीख, रक्कम आणि ते कर्ज की देणगी एवढंच विचारतात. धंदा कुणी विचारत नाही.

सीए_विश्रामबाग | 10:47
विचारत नसले तरी देणाऱ्यांची यादी आपण स्वतः जाहीर करून त्यात लिहायला कुणी अडवलंय?

कृष्णाकाठ | 11:10
दोघं थांबा जरा, मूळ अट बघा. नाव न येता ही देणगी घेताच येत नाही. निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडं, म्हणजे सांगलीत विजयनगरच्या कलेक्टर कचेरीत, शपथपत्रासह द्यावा लागतो. निकाल 23 नोव्हेंबरला, म्हणजे 23 डिसेंबरपर्यंत. स्वतःचे पैसे शेड्यूल 7 मध्ये आणि इतर व्यक्ती किंवा संस्थांकडून आलेली देणगी, भेट, कर्ज शेड्यूल 9 मध्ये. नाव गाळलं तर शपथेवर खोटं. हिशेबच दिला नाही किंवा ठरल्या पद्धतीनं दिला नाही, तर कलम 10-अ खाली निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र करू शकतो. हिशेब नुसता दिला म्हणून सुटका नाही, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. अशोक चव्हाणांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे 2014 मध्ये तेच सांगितलं.

आता बोलेरो. ‘फुकट’ गाडी खर्चात फुकट धरत नाहीत. जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणं भाडं लागतं. समजा चालकासह दिवसाला 3,000 आणि डिझेल 1,500. 30 ऑक्टोबर ते 18 नोव्हेंबर 20 दिवस, चार गाड्या : 3,60,000. म्हणजे देणगी पाच लाखांची नाही, 8,60,000 ची. तुमचा एकूण अंदाज किती आहे?

प्रचारहिशेब | 11:16
बारा लाख धरलेत. गाड्या सोडून. मर्यादा 40 लाख आहे, त्याच्या आतच आहोत.

कृष्णाकाठ | 11:24
प्रश्न मर्यादेचा नाही. गाड्या धरून 15,60,000 होतात, त्यात एका माणसाचे 8,60,000. निम्म्याहून जास्त. अपक्ष कसला मग?

ऊसबिल | 11:40
आमच्या भागात साखर कारखान्याच्या गाड्या नि स्लिपबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे कारखान्याचे कर्मचारी) प्रचाराला फिरतात त्याचं काय? ऊस गेल्यावर 14 दिवसांत बिल द्यायचं असा 1966 चा नियंत्रण आदेश आहे. बिल थकवायचं आणि त्याच कारखान्याचं डिझेल प्रचाराला जाळायचं, हे सभासदांचे पैसे आहेत. ठेकेदार निदान स्वतःचे तरी देतोय.

शाहूनगर_सातारा | 11:52
ते ठेकेदारापेक्षा वाईट आहे, मान्य. शिक्षण संस्थेची बस आणि शिक्षक वापरणं त्याच माळेतलं. पण कारखाना वाईट म्हणून ठेकेदार चांगला ठरत नाही.

ऊसबिल | 11:55
सरकारनंच खर्च द्यावा, म्हणजे कुणाच्या दारात जायला नको. इंद्रजित गुप्ता समितीनं 1998 मध्ये सांगितलंच होतं.

कृष्णाकाठ | 12:01
त्या समितीनं मदत वस्तुरूपात आणि मान्यताप्राप्त पक्षांनाच सुचवली होती. धागाकर्त्याचा उमेदवार अपक्ष आहे. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

माणदेशी_वाट | 12:20
मोठा दाता सोडा, वर्गणी काढा. विटा-आटपाडीचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) देशभर पसरलेत, गावाकडच्या कामाला हात सैल सोडतात. पाच-पाच हजारांचे शंभर जण धरा, तुमचे पाच लाख झाले. पण पैसे खात्यावरच घ्या. एका दात्याकडून 10,000 वर रोख घेऊ नये आणि उमेदवाराच्या किंवा कार्यकर्त्याच्या गाडीत 50,000 वर रोकड सापडली तर भरारी पथक जप्त करू शकतं.

क्यूआर लावणार असाल तर दुकानदाराचा क्यूआर घेऊ नका. त्यात दिवसभराची रक्कम एकत्र जमा होऊ शकते आणि कुणी किती दिले ते बँकेच्या उताऱ्यात दिसत नाही. सरळ त्या खात्याचा यूपीआय घ्या. यूपीआयवर नुसतं नाव येतं, पत्ता येत नाही, म्हणून पैसे आल्या आल्या फोन करून पत्ता विचारून वहीत लिहायला एक माणूस बसवा. ती वही रोजच्या रोज भरली नाही तर डिसेंबरात शंभर पत्ते गोळा करता येणार नाहीत.

येरळा | 12:34
दुबईतले नातेवाईक पाठवतो म्हणाले तर?

माणदेशी_वाट | 12:39
भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईचे पैसे बँकेमार्फत आले तर चालतं. नागरिकत्व परदेशी झालं असेल तर नाही, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी नाही. 2010 च्या परकीय देणगी कायद्यानं उमेदवाराला ती घ्यायला बंदी आहे. कोण कुठला नागरिक हे आधी विचारा, पैसे आल्यावर नको.

शाहूनगर_सातारा | 12:50
वर्गणीला माझा पाठिंबा, पण एक भर. हिशेब निकालानंतर महिन्यानं जातो, तोवर मत पडलेलं असतं. प्रचारात खर्च नोंदवही किमान तीनदा तपासायला द्यावी लागते आणि तिची नक्कल शुल्क भरून कुणालाही मिळते, पण गावातला माणूस विजयनगरला नक्कल काढायला जाणार नाही. मतदानाच्या आधी देणाऱ्यांची यादी नाव, रक्कम, धंदा यासह स्वतःच लावा. ज्याला यादीत नाव नको त्याचे पैसे नकोत, हा नियम पहिल्या दिवशीच सांगून टाका. इलेक्टोरल बाँडमध्ये न्यायालयाला खटकलं ते हेच, देणारा मतदाराला दिसत नव्हता. तालुक्यात वेगळं काही असायचं कारण नाही.

सीए_विश्रामबाग | 12:58
यादीला सहमत. पत्ते आणि फोन नंबर मात्र जाहीर यादीत टाकू नका, ते वहीत ठेवा. आणि पाच लाख उसने म्हणून घ्या असं कुणी सुचवेल. तेही शेड्यूल 9 मध्येच येतं, 20,000 किंवा त्याहून जास्त रोख कर्ज आयकर कायद्यात बसत नाही, आणि हरलात तर पाच वर्षं त्यांचे बांधील राहाल.

प्रचारहिशेब | 2:15
उसने घ्यायचा विषय निघाला होता, नको म्हणालो. गाड्याही नाकारल्या. वैयक्तिक खात्यातून, नाव आणि धंदा लिहून, जास्तीत जास्त 25,000 घेऊ आणि हीच मर्यादा सगळ्यांना, असं उमेदवारानं त्यांना कळवलं. ते ‘बघतो’ म्हणाले. खातं उघडायला बँकेत बसलोय. चेकबुक आठ दिवसांनी म्हणतायत. काय करू?

सीए_विश्रामबाग | 2:21
शाखाधिकाऱ्यांना भेटा, निवडणूक खर्चाचं खातं आहे म्हणून सांगा. उमेदवारांच्या खात्यांना प्राधान्य द्यायच्या सूचना बँकांना असतात. तोवर आरटीजीएस-एनईएफटीनं देणी देता येतात, अडत नाही. अर्जासोबत खाते क्रमांक लेखी द्यायचाय, तेवढा आजच पदरात पाडून घ्या.

येरळा | 2:40
पत्रकं आधीच छापून झाली असतील तर त्यांचा खर्च धरायचा का?

कृष्णाकाठ | 2:52
अर्ज भरल्यानंतर वाटणार असाल तर धरायचा, छपाई कधीची का असेना. आणि त्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का बघा. नसेल तर ती वाटू नका.