कुंडाची ऊब सोसायटीत आणता येईल का?

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास होतोय. परवा आईला वज्रेश्वरीजवळ अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. मला पाय टाकताच चटका बसला, ती मात्र गुडघे शेकत बसली. जमिनीतली ही ऊब चोवीस घरांच्या अंघोळीला वापरता येईल?

— काका, आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, १९३० पासून घरं अशीच तापवतात. नेस्यावेत्लिरच्या भूऔष्णिक केंद्राहून २७ किलोमीटर नळातून गरम पाणी येतं, जेमतेम दोन अंश निवतं. म्हणजे अडचण अंतराची नाही, आपल्या कुंडांना तेवढं पाणीच नाही.

— ठाण्यात खरी गरज गारव्याची! पायाच्या पाइलमध्ये, म्हणजे जमिनीत खोल जाणाऱ्या काँक्रीटच्या खांबांत, नळ्या सोडून हीट पंपाने (उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणारं यंत्र) एसीची उष्णता जमिनीत उतरवतात. त्याच हीट पंपावर अंघोळीचं पाणीही तापतं. पाया भरल्यावर मात्र हे जमत नाही. बिल्डरला आत्ताच गाठा.

— रविवारी मीटिंग आहे, पहिला विषय हाच घेतो.