मदत हवी आहे: "रन" हा शब्द शिकवायचा तरी कसा?

वारजेकरीण

नमस्कार मंडळी,

पुण्यात, वारज्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी बायकांसाठी बोलण्यापुरत्या इंग्रजीचा वर्ग घेते. फी नाही, परीक्षा नाही. येणाऱ्यांत एक ब्लाउज शिवणाऱ्या ताई आहेत, एक पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या, दोघी मॉलमधल्या दुकानांत कामाला, एक दवाखान्यात रिसेप्शनला. सगळ्या मराठी माध्यमातल्या. वाचता बऱ्यापैकी येतं, बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप.

सध्या गाडं अडलंय ते इंग्रजीत जेमतेम तीन अक्षरांच्या "रन" या शब्दावर. शाळेत सगळ्यांनी "रन म्हणजे धावणे" असं घोकलेलं. "द बस इज रनिंग लेट" हे वाक्य आलं तशा शिवणाऱ्या ताई म्हणाल्या, "मॅडम, बस धावतीये तर उशीर कसा होईल? थांबलीये म्हणून उशीर होतोय ना?" सगळा वर्ग हसला. पण प्रश्न बिनतोड होता.

म्हणून मी धावणे बाजूला ठेवलं आणि "चालणे" धरलं. इंग्रजीत जे धावतं ते आपल्याकडे बहुतेक वेळा चालतं. मशीन चालतं, बस चालते, नळ चालू असतो, नाटक चालतं, कुणी दुकान चालवतं, कुणी घर चालवतं. सगळीकडे रन. बायका खूश, मीही खूश. पुढच्या वेळी गृहपाठात वाक्यं आली ती अशी: "टी रन्स टू मी" (मला चहा चालतो). आणि मैत्रिणीनं विचारलं सहाला भेटूया का, तर उत्तर, "इट विल रन" (चालेल).

आता माझे प्रश्न:

या शब्दाच्या मुळाशी एखादा असा अर्थ आहे का, जो धरला की बाकीचे आपोआप उलगडतील? की प्रत्येक अर्थ सुटा पाठ करून घ्यायचा? रन आउट, रन इंटू, रन ओव्हर ही पिलावळ आत्ताच घ्यावी की नंतर? आणि दुकानात, दवाखान्यात, फोनवर खरोखर कानावर पडतात असे अर्थ कोणते?

"यूट्यूबवर भरपूर व्हिडिओ आहेत" हे उत्तर कृपया नको. पाहिलेत. सगळ्यांत एक मुलगा बागेत पळत असतो.

रविवार_पेठ

क्रिकेटपासून सुरू करा की. धाव, धावबाद, धावफलक, धावगती, सगळं मराठीत तयार आहे. फक्त चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागेवर उभा राहून बॅट टेकतो आणि न धावता चार धावा मिळवतो, हे समजावायची जबाबदारी तुमची.

बाकी पुण्यात धावतं कोण? आम्ही पळतो.

कोशकीटक

ताई, आधी तुम्हाला जरा घाबरवतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद "सेट" या शब्दाची होती. नव्या आवृत्तीसाठी एकेक शब्द पुन्हा तपासणं सुरू झालं आणि 2011 मध्ये "रन"ने सेटला मागे टाकल्याची बातमी आली. नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्या एका शब्दावर जवळपास नऊ महिने बसले होते.

आता धीर देतो. कोशकारांचं मोजणं फार बारीक असतं. नदी वाहते तो एक अर्थ, नाक वाहतं तो दुसरा, मेणबत्तीचं मेण ओघळतं तो तिसरा. बोलणाऱ्याच्या दृष्टीने ते एकच. शिवाय यंत्रयुग आल्यापासून या शब्दाची भरभराट झाली. गिरण्या, आगगाड्या, छापखाने, मोटारी, शेवटी कॉम्प्युटर, जे जे सुरू करून सोडून द्यायचं ते सगळं रनच्या खात्यात गेलं. ही सगळी वंशावळ वर्गापुढे मांडू नका. 645 हा आकडा तर चुकूनही सांगू नका, दुसऱ्या दिवशी हॉल रिकामा दिसेल.

आपल्याकडची जोडी हवी असेल तर दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात "लागणे" उघडून बसा. भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, नोकरी लागते, गाडी लागते, वेड लागतं, आणि वर "कोण लागतो तुझा तो?" असंही विचारतात. कुठल्याही परदेशी माणसाला रडवायला एवढं पुरे. तुमच्या बायकांना हे आवर्जून सांगा. इंग्रजी मुद्दाम आपल्याशी वाकड्यात शिरलंय असं त्यांना वाटत असणार.

हिंजवडी_फेज३

आमच्याकडे कोड "रन मारतात". मी रोज चांदणी चौकात अडकून जागचा हललेलो नसतो, तेव्हा मॅनेजरला मेसेज टाकतो, "आय ॲम रनिंग लेट". तुमच्या शिवणाऱ्या ताईंना माझा सलाम सांगा. आजवर कधी डोक्यात आलं नव्हतं.

जर्मनची_विद्यार्थिनी

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकताना हे लख्ख कळलं. जर्मनमध्ये दोन शेजारी शब्द आहेत. "रिनेन" म्हणजे वाहणे, ओघळणे, आणि "रेनेन" म्हणजे पळणे. इंग्रजी रन याच कुळातला आहे. वाहणं आणि पळणं या दोन्ही गोष्टी त्याच्या रक्तात पहिल्यापासून आहेत, नळ आणि नाक नंतर कुणी चिकटवलेले नाहीत. "वाहतं पाणी" डोळ्यासमोर ठेवलं तर पुष्कळ अर्थ सरळ होतात. कच्चा रंग धुताना पसरतो, द कलर रन्स. रस्ता नदीच्या कडेनं जातो, तो रन्स. नाटक वर्षभर चालतं, तेही रन्स.

दुसरी गंमत जास्त कामाची आहे. जुन्या इंग्रजीत "स्वतः पळणे" आणि "दुसऱ्याला पळवणे" ही दोन वेगळी क्रियापदं होती. पुढे ती एकमेकांत मिसळली आणि एकच रन उरलं. मराठीत तो फरक आजही शाबूत आहे, एका "व"मध्ये: चालणे-चालवणे, पळणे-पळवणे. त्यामुळे बायकांना रनच्या पुढे "काय?" असा प्रश्न विचारायला लावा. उत्तर मिळालं तर तो "व" लावायचा. शी रन्स. काय? काहीच नाही, म्हणजे ती पळते. शी रन्स अ शॉप. काय? शॉप, म्हणजे ती दुकान चालवते. "रन अ फीव्हर"सारखे अपवाद आहेत (अंगात ताप आहे, ताप कुणी चालवत नाही), "रन अ रेस" आहे, पण दहातल्या आठ ठिकाणी हा प्रश्न साथ देतो.

वारजेकरीण

"व"ची युक्ती फारच आवडली! आजच वापरली. पोळ्यावाल्या ताईंनी लगेच "आय रन अ किचन" म्हणून दाखवलं, आणि म्हणताना मान किंचित ताठ झाली होती. नुसतं "आय मेक चपाती"पेक्षा त्यांना हे केव्हाही जास्त रुचलं.

कोशकीटक, लागणेची यादी फळ्यावर लिहिली. अर्धा तास त्यातच गेला. "हळद लागणे", "नजर लागणे", भर पडतच राहिली. शेवटी मी खडू ठेवून दिला.

निवांत_सुतार

इथे सहसा नुसता वाचतो, आज राहवलं नाही. आमच्या धंद्यात हा शब्द रोज लागतो. स्वयंपाकघरातल्या कपाटांचं कोटेशन देताना आम्ही "रनिंग फुटा"चा भाव सांगतो. उंची-खोली ठरलेली असते, भिंतीला धरून सरळ लांबी मोजायची, तो रनिंग फूट. गिऱ्हाईक हमखास चौरस फूट समजून गुणाकार करत बसतं आणि मग भाव कमी वाटतो की जास्त यावर वाद घालतं. मोठ्या साइटवर काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं पैसे मागायचे त्याला रनिंग बिल म्हणतात. काम संपल्यावरचं ते फायनल बिल. दोन्हीकडे मतलब एकच, मध्ये तोडायचं नाही, चालू ठेवायचं.

तुमच्या शिवणाऱ्या ताईंना विचारा, रनिंग स्टिचला मराठीत काय म्हणतात.

वारजेकरीण

विचारलं! "धावदोरा" म्हणाल्या, एका क्षणात. आणि लगेच पर्समधून सुई काढून ओढणीच्या काठावर करूनच दाखवला. सुई कापडातून चार-पाच वेळा खाली-वर काढून घेतली आणि मग दोरा एकाच ओढीत बाहेर. "मध्ये थांबत नाही, मागं वळत नाही, म्हणून धाव," असं त्यांचं स्पष्टीकरण. जर्मनची_विद्यार्थिनी, तुमचं वाहतं पाणी आणि हे, दोन्ही एकच सांगतायत असं मला वाटतं. माझा "मुळातला अर्थ" ठरला: सुरू झालेलं न थांबता पुढे जात राहणं. "थ्री डेज रनिंग" म्हणजे लागोपाठ तीन दिवस, हेही त्यात बसतं.

बसचं मात्र अजून पटवता आलेलं नाही.

निवृत्त_मास्तरीण

ताई, धागा छान रंगलाय, पण मी थोडं पाणी ओतते. चाळीस मुलांच्या वर्गात इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली. मुळातला अर्थ शिकवणाऱ्याला आनंद देतो, शिकणाऱ्याला वाक्य देत नाही. धावदोऱ्यावरून "माझं नाक वाहतंय"पर्यंत कुणी आपापलं पोचत नाही.

शब्द एकटा शिकवूच नका. त्याच्या शेजारणीसकट शिकवा. रिसेप्शनवालीला "रनी नोज", "रनिंग अ फीव्हर" आणि "डॉक्टर इज रनिंग लेट" एवढं पक्कं करून द्या, तिचं काम झालं. दुकानातल्या मुलींना "वुई हॅव रन आउट ऑफ धिस साइझ" आणि "विल द कलर रन?" ही दोन वाक्यं रोज लागतील. तुळशीबागेत आपण "रंग जाईल का हो?" विचारतो, तेच मॉलमध्ये इंग्रजीत विचारतात. पोळ्यावालीला "रन अ बिझनेस" मिळालंच आहे. जिला जे लागत नाही ते तिला सध्या नकोच.

काही अर्थ मुद्दाम वगळा. निवडणुकीला रन करतात ते अमेरिकेत. ब्रिटिश इंग्रजीत स्टँड, आणि आपला उमेदवारही उभाच राहतो, तेव्हा तिथे आपल्या बायका न शिकताच बरोबर आहेत. "रन अ रेड लाइट" हेही मुख्यतः अमेरिकन. पुण्यात सिग्नल तोडतात, त्यासाठी इंग्रजी येण्याची गरज पडलेली नाही.

"चालेल"चं औषध सोपं आहे. चालणे घेतलं त्याच दिवशी फळ्याच्या दुसऱ्या बाजूला लिहा: चालेल म्हणजे "फाइन" किंवा "ओके". मला चहा चालतो म्हणजे "टी इज फाइन". जिथे "हरकत नाही" म्हणता येतं तिथे रन नाही. "धरणापर्यंत चालत जा" हे पण रन नाही, ते वॉक. हे सांगितल्याशिवाय चालणे हातात देऊ नका.

आणि बसचं. बस या क्षणी धावतीये की उभी आहे, याच्याशी त्या वाक्याला देणंघेणं नाही. सेवा चालू आहे, फक्त वेळापत्रकाच्या मागे आहे. "घड्याळ मागे चालतंय" म्हणताना आपण घड्याळाचे पाय बघतो का? घड्याळाचंच उदाहरण द्या, पटेल.

रविवार_पेठ

मास्तरीणबाई, वाचनखूण साठवली. "रनवे"वर विमानं का थांबलेली असतात तेवढं राहिलं.

वारजेकरीण

मास्तरीणबाई, शेजारणीसकट शिकवायचं हे शंभर टक्के मान्य. प्रत्येकीला तिच्या कामाची तीन-तीन वाक्यं कार्डावर लिहून देणार आहे. धावदोरा मात्र मी सोडणार नाही. त्या दिवसापासून ताई वर्गात पुढच्या रांगेत बसायला लागल्यात, मला तेवढं कारण पुरतं.

आता रन इंटू आणि रन ओव्हर. काल मॉलमधली एक म्हणाली, "आय रॅन ओव्हर माय टीचर ॲट लक्ष्मी रोड." म्हणायचं होतं, लक्ष्मी रोडवर बाई अचानक भेटल्या. बाकीच्या जणी "पुढे?" म्हणून वाट बघत होत्या. हे दोन कसे वेगळे करू?

जर्मनची_विद्यार्थिनी

"ओव्हर"ला वर. गाडी वरून गेली. "इंटू"ला समोरासमोर, गाठ पडली. पण "द कार रॅन इंटू अ वॉल" म्हणजे गाडी भिंतीवर धडकली, ही गाठ जरा जोराची. माणूस माणसाला रन इंटू झाला की भेट, गाडी कशालाही रन इंटू झाली की धडक. एवढ्यावर भागेल.

निवृत्त_मास्तरीण

आणि सध्या "मेट" शिकवा. लक्ष्मी रोडवर बाई भेटल्या, आय मेट माय टीचर, आणि त्यासाठी ऑन लक्ष्मी रोड म्हणायचं, ॲट नाही. रन इंटू कानाला ओळखीचं झालं की तोंडी आपोआप येईल. रन ओव्हर फक्त ऐकून कळलं तरी पुरे, ते स्वतः बोलायची वेळ शक्यतो येऊ नये.