अनुभव धागा : तोंडाला सतत येणारा वास, त्याचे मूळ आणि लागू पडलेले उपचार

प्राथमिक शिक्षिका, दारव्हा तालुका (धागाकर्ती)

तीन वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात एका मुलीची वही तपासायला मी वाकले, तेव्हा तिने वही माझ्या हातात दिली आणि स्वतः बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली. गणित चुकले म्हणून घाबरली असेल, असे मला वाटले. त्याच वर्षी दिवाळीला नणंद माहेरी आली आणि चकल्या तळता तळता, कढईवरची नजर न काढता म्हणाली, ‘वहिनी, राग नका मानू, पण तुमच्या तोंडाचा वास येते.’ त्यानंतर चार दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

वास पोटातून येतो हे आपल्याकडे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. मीही आठ महिने चूर्ण घेतले, आम्लपित्ताच्या गोळ्या घेतल्या, कांदा सोडला आणि उपवास वाढवले. उपवासाने तर वास वाढलाच, कारण दिवसभर काही चावले नाही की लाळ कमी सुटते आणि तोंड कोरडे पडते. अखेर दाढ दुखते या निमित्ताने यवतमाळला दातांच्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी बारीक खुणा असलेली सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत घालून खोली मोजली. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरपर्यंत जाते, माझ्या मागच्या दाढांपाशी सहापर्यंत गेली आणि प्रत्येक ठिकाणी रक्त आले. ब्रश करताना रक्त येते म्हणून मी त्या जागी ब्रश लावणेच सोडले होते, म्हणजे जिथे घासायला हवे होते नेमके तिथेच घासत नव्हते.

हिरड्या बधिर करून चार बैठकांत त्यांनी आतली घाण काढली. खालच्या पुढच्या दातांमागून खडीसारखा करडा तुकडा निघाला, तो त्यांनी कापसावर ठेवून मला दाखवला. मी तो नाकाजवळ नेला आणि नणंद कशाबद्दल बोलत होती ते मला त्या क्षणी कळले. दोन आठवड्यांत रक्त थांबले, महिन्याभरात वासही गेला. आता दर सहा महिन्यांनी तपासणी करते.

दात साफ केले की ते हलायला लागतात, असे आमच्या गावात ठामपणे सांगितले जाते. खरी गोष्ट अशी, की हिरडीखालचे हाड आधीच झिजलेले असते आणि दगडासारख्या थराने दात धरून ठेवल्याचा भास होत असतो. थर निघाला की फटी उघड्या पडतात आणि दोष साफ करणाऱ्यावर येतो.

आपापले अनुभव येथे लिहावेत. वास किती वर्षे होता, कोणी सांगितला, मूळ कुठे सापडले आणि कशाने गेला, एवढे आले तरी पुरे.

शेतकरी, आर्णी तालुका

मी सतराव्या वर्षी खर्रा सुरू केला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून हातावर घोटतात, त्याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. राज्यात गुटखाबंदी 2012 साली आली, तरी पानठेल्यासमोर घोटणारे हात काही थांबले नाहीत. दिवसाला पाच पन्न्या मी सहज संपवत असे. वास येतो हे मला माहीत होते, पण तो खर्ऱ्याचा वास आहे आणि तोंड धुतले की जातो, अशी माझी समजूत होती. धाकटी मुलगी मांडीवर बसायची नाही, तेही मी हसण्यावारी नेले.

वासापेक्षा मला भीती घातली ती मिरचीने. साधे वरण तिखट लागू लागले, गालाच्या आत आग व्हायची, आणि एक दिवस भाकरीचा मोठा घास तोंडात जाईना. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी माझीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितले. दोनच गेली. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा पांढरी पडून ताठ होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका राहतो. तोंड पूर्ण उघडत नाही म्हणून ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तिथे अन्न कुजते आणि वास दुप्पट होतो, हे त्यांनी आरशात दाखवून समजावले.

खर्रा सोडायला मला तीन प्रयत्न लागले. तिसऱ्या वेळी 1800-11-2356 या तंबाखू सोडवण्याच्या सरकारी मोफत क्रमांकावर बोललो, त्याचा आधार झाला. पहिले दहा दिवस डोके ठणकायचे, वखरणीला गेलो की हात आपसूक खिशाकडे जायचा. लाकडी कांड्या दातांत एकावर एक रचून तोंड ताणण्याचा व्यायाम अजून करतो. दात साफ केल्यावर वास महिन्याभरात गेला, पण तोंड पूर्वीसारखे उघडत नाही आणि उघडणारही नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. दर तीन महिन्यांनी गाल दाखवून येतो.

अंगणवाडी सेविका, गोंदिया जिल्हा

आमच्या भागात बाया गुडाखूने दात घासतात, आणि त्यात तंबाखू आहे हे अनेकींना ठाऊकच नसते. पोट साफ होते, दात दुखत नाहीत, म्हणून दिवसातून चार वेळा बोट फिरते. मीही घासत होते. सोडल्यावर पंधरा दिवस पोट फुगून राहिले, त्यानंतर ठीक झाले. वासाबद्दल सांगायचे तर घरच्यांना फरक जाणवला, मला स्वतःला नाही.

गृहिणी, दर्यापूर तालुका

आमचा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या तोंडाला असा वास यायला लागला, की जवळ घेऊन झोपणे कठीण झाले. कोणी जंत सांगितले, कोणी नजर सांगितली. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, विहिरीचे पाणी खारट, त्यामुळे पोर पाणी कमी पिते म्हणून वास येतो, असाही एक तर्क निघाला. दोनदा जंताचे औषध झाले. एका रात्री तो झोपला असताना माझ्या लक्षात आले, की वास तोंडातून कमी आणि नाकातून जास्त येतो आहे, तोही उजव्या बाजूने, आणि त्याच बाजूची नाकपुडी सतत पिवळट वाहते आहे.

अकोल्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दिवा लावून पाहिले आणि वाकड्या टोकाच्या सळईने फुगलेला, काळा पडलेला तुरीचा दाणा बाहेर काढला. दोन मिनिटांचे काम होते. सोंगणीच्या दिवसांत खळ्यावर खेळताना त्याने तो कधी घातला, ते त्यालाही सांगता आले नाही. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल, तर घरी चिमट्याने काढायला जाऊ नये, दाणा आणखी आत सरकतो, असे डॉक्टरांनी बजावले.

सून, मेहकर तालुका

माझ्या मामाजींची कवळी चोवीस तास तोंडात असायची. काढली तर चोरीला जाईल अशा थाटात ते ती सांभाळत. आता रात्री ती पाण्याच्या वाटीत असते, सकाळी मऊ ब्रश आणि अंगाच्या साबणाने घासली जाते; गरम पाण्याने मात्र ती वाकडी होते, हा धडा आम्ही एक कवळी घालवून शिकलो. त्यांच्या रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, हे दुसरे कारण निघाले. डॉक्टरांनी एक गोळी बदलून दिली. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

दंतवैद्य, वर्धा जिल्हा

वर आलेले अनुभव वाचून यंत्रणा थोडी उलगडून सांगतो. सततच्या वासाच्या शंभर रुग्णांपैकी ऐंशी ते नव्वद जणांत मूळ तोंडातच असते. हवा पोहोचत नाही अशा जागी, म्हणजे जिभेच्या मागच्या खरबरीत भागात, हिरडीच्या खिशात आणि किडलेल्या दाढेच्या खड्ड्यात जे जिवाणू राहतात, ते अन्नातील व मृत पेशींतील प्रथिने कुजवून गंधकाची संयुगे तयार करतात. हायड्रोजन सल्फाइड हे त्यातले एक, सडक्या अंड्याचा वास त्याचाच. जठराचे तोंड एरवी मिटलेले असते, त्यामुळे पोटातला वास सतत वर येत राहत नाही. लसणाच्या ठेच्याचा वास निराळा: त्यातले एक द्रव्य रक्तात मिसळून फुप्फुसातून बाहेर पडते, म्हणून कितीही दात घासले तरी तो काही तास राहतो.

घरच्या घरी तपासायचे असेल, तर चमच्याच्या कडेने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडून, थोडा वेळ थांबून चमचा हुंगावा. दाढांच्या मधून काढलेला दोराही तसाच हुंगता येतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना दात घासण्याचे वळण असते, जीभ घासण्याचे नसते, आणि ज्यांना असते ते फक्त टोकाची जीभ घासतात, कारण मागे गेले की उबळ येते. श्वास बाहेर सोडत जीभ घासायची पट्टी मागून पुढे ओढली की उबळ कमी येते.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची गुळणी उपयोगी आहे, परंतु ती दोन आठवड्यांपुरती, दहा मिली, अर्धा मिनिट, आणि पेस्ट लावल्यानंतर अर्ध्या तासाने. वर्षभर वापरून दात तपकिरी करून घेतलेले रुग्ण मी पाहतो. हिरडी सडलेली असताना गुळणीवर भागवणे म्हणजे उकिरड्यावर अत्तर शिंपडणे आहे. लवंग आणि बडीशेप यांचेही तेच. वास झाकला जातो, मूळ जागेवर राहते. तोंडात काहीच सापडले नाही, तर टॉन्सिल, सायनस आणि नाक तपासून घ्यावे लागते.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, केळापूर तालुका

माझा अनुभव उलटा आहे. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे माझे दात लहानपणापासून पिवळे, मध्ये तपकिरी पट्टे. असे दात म्हणजे वास असणारच, असे मी स्वतःच ठरवून टाकले. अभ्यासिकेत कोणी नाकाला हात लावला, खिडकी उघडली, की ते माझ्यामुळेच, असे वाटायचे. दिवसातून सहा वेळा ब्रश करून हिरड्या सोलून घेतल्या, तोंडावर रुमाल ठेवून बोलायला लागलो, आणि एका तोंडी परीक्षेला गेलोच नाही.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात मी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी माझ्या मोठ्या भावाला शेजारी बसवले, मला तोंडाने हळू श्वास सोडायला सांगितला आणि आधी स्वतः, मग भावाला हुंगायला लावले. भाऊ म्हणाला, ‘वास नाही रे, बाप्पा.’ मला ते खोटे वाटले, इतका तो समज घट्ट होता. फ्लोराइडने दातांचा रंग बदलतो, वास येत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले आणि मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली. तिथे जायला मला दोन महिने लागले. आता पाच-सहा भेटी झाल्या आहेत, औषध सुरू आहे, रुमाल सुटला आहे, सहा वेळांचे ब्रश दोनवर आले आहे.

माजी सरपंच, ब्रह्मपुरी तालुका

सर्व वास कुजल्याचे नसतात, एवढे सांगण्यासाठी लिहितो. माझ्या पुतण्याला लहानपणापासून इन्सुलिन लागते. मागच्या पावसाळ्यात तापात त्याने दोन दिवस सुई घेतली नाही. त्याच्या श्वासाला जास्त पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता, श्वास खोल आणि वेगाने चालला होता, उलट्या थांबत नव्हत्या. दात घासले नाहीत म्हणून आम्ही त्याच्यावर रागावलो. रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होते.

न्हावी, दारव्हा तालुका

माझे तोंड गिऱ्हाइकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असते, त्यामुळे गावात कोणाच्या तोंडाला वास आहे हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नसेल. तरी तीस वर्षे मी कोणाला सांगितले नाही. गिऱ्हाईक तुटण्याची भीती होती. एका गिऱ्हाइकाच्या तोंडाचा वास दोन महिन्यांत अचानक बदलला, आणि गाल ताणून दाढी करताना मला आतल्या बाजूला पांढऱ्या कडांची जखम दिसली. पुढच्या खेपेलाही ती तशीच होती. मी वस्तरा खाली ठेवून सांगितले, की तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलेली जखम दाखवून घ्या. ते पैसे ठेवून निघून गेले आणि चार महिने दुसऱ्याकडे दाढी करत राहिले. परवा परत आले, गालावर टाक्यांची खूण होती. मी काही विचारले नाही. ‘त्या बाजूनं जरा हळू करजो,’ एवढेच ते म्हणाले.