‘इन-हाऊस’ आणि ‘आउटसोर्सिंग’: मराठीत काय लिहावे?

अंबडकर: अंबड एमआयडीसीतील एका कारखान्याची प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करतो आहे. कोणता भाग स्वतः बनवावा आणि कोणता बाहेरून घ्यावा, याविषयीच्या प्रकरणात ‘इन-हाऊस’साठी ‘घरगुती उत्पादन’ असे लिहिले, तेव्हा सुपरवायझर म्हणाले की हे पापड-लोणच्यांचे वाटते. ‘बाह्यस्रोतीकरण’ तर कोणालाच कळले नाही.

गोदाकाठ: आमच्या वर्कशॉपमध्ये ‘आपल्याकडे’ आणि ‘बाहेर’ एवढेच म्हणतात. पिनांचे टर्निंग व ग्राइंडिंग, म्हणजे कातणे व घासून मापात आणणे, आपल्याकडे होते, कारण मापाची जबाबदारी आम्हाला दुसऱ्यावर सोपवायची नसते. हार्डनिंगला, म्हणजे भट्टीत तापवून कठीण करायला, मात्र त्या बाहेर जातात, कारण भट्टी भरून चालली तरच तापवण्याचा खर्च निघतो आणि आमच्या दोन-तीन क्रेट पिनांनी ती भरत नाही. याला ‘जॉबवर्क’ म्हणतात. तोच शब्द ठेवावा.

शब्दवेध: जॉबवर्क हा आउटसोर्सिंगचा केवळ एक प्रकार झाला. त्यात माल आपला आणि मजुरी समोरच्याची असते. म्हणून तर २०१७च्या जीएसटी कायद्यानुसार असा पाठवलेला कच्चा माल साधारणपणे १ वर्षाच्या आत परत यावा लागतो. तयार स्प्रिंग विकत घेतली, तर ते जॉबवर्क नव्हे. शासन ‘बाह्ययंत्रणेमार्फत’ असे लिहितेच. सावरकरांचे ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हेही एके काळी नवेच होते. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत.

येवलेकर: ‘घर’ हा शब्द मुळातच टाळावा, असे मला कळकळीने वाटते. आमच्याकडे पैठणीचा मालक रेशीम आणि जरीचा धागा देतो, विणकर आपल्या घरच्या मागावर मजुरीने विणतो. म्हणजे घरी होणारे काम हेच मालकाच्या हिशेबाने बाहेर दिलेले असते. ‘उक्ते देणे’ हा आपला जुना शब्द का नको?

गोदाकाठ: ताई, उक्ते म्हणजे ठोक मोबदल्याने. कांद्याची काढणी एकराच्या भावाने उक्ती देतो, पण ती आपल्याच वावरात होते. काम कोठे होते, हे त्या शब्दातून कळत नाही.

येवलेकर: दादा, मान्य आहे, तरी ‘उक्ते’ हे संस्कृत ‘उक्त’वरूनच, म्हणजे बोलून ठरवलेले, असे मला वाटते.

शब्दवेध: मला ही व्युत्पत्ती पटत नाही. रोजंदारीही बोलूनच ठरते; मग ती उक्ती का नव्हे?

अंबडकर: तूर्त ‘स्वतःकडे करणे’ आणि ‘बाहेरून करून घेणे’ असे लिहिले आहे. प्रकरणाचे शीर्षक अजून कोरेच आहे.

येवलेकर: रोजंदारीत दिवस मोजतात, उक्त्यात शब्द पाळतात. फरक तोच आहे.