मदत हवी आहे : जाड दंडगोल फेंडर आतून कच्चा राहतोय

मंडळी, जहाज बंदराच्या धक्क्यावर आपटू नये म्हणून लावायचे पोकळ दंडगोल रबरी फेंडर बनवतो. नैसर्गिक रबर आणि एसबीआर (कृत्रिम रबर) यांचं मिश्रण, कार्बन ब्लॅक (काजळीची पूड), रबर पकवायला गंधक. कॅलेंडरवरून (रबर लाटणाऱ्या रुळांच्या यंत्रावरून) निघालेली शीट मँड्रेलवर (मधल्या लोखंडी नळीवर) गुंडाळायची, वरून ओलं कापड घट्ट आवळायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद टाकीत) वाफेवर पकवायचं.

भिंत 100 मिमीपर्यंत असेल तर काही त्रास नाही. 200 मिमीचा फेंडर मात्र कापून पाहिला तर मधोमध बारीक छिद्रं, स्पंजासारखी! बाहेरून कडकपणा 70 शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप), मधल्या थरात जेमतेम 55. रबर उष्णतेचं वाईट वाहक, हे कळतं. म्हणून 150 अंशांवर वेळ वाढवून पाहिला, तर बाहेरचं नैसर्गिक रबर जास्त शिजून मऊ पडायला लागलं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

आता तापमान 125-130 वर आणून, टप्प्याटप्प्याने चढवत, बरेच तास ठेवायचा विचार आहे. गंधक कमी करून अॅक्सिलरेटर (पकण्याचा वेग वाढवणारं रसायन) वाढवला तर बाहेरचा थर टिकेल असं वाटतं, पण मग फेंडर वारंवार दबल्यावर लवकर थकेल का? की दोष शीटच्या थरांत अडकलेल्या हवेचाच आहे? छिद्रं थरांच्या रेषेत नाहीत, विखुरलेली आहेत, म्हणून मला तरी शंका कच्चेपणाचीच येते.

मध्यभागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घालून कोणी वेळ ठरवला आहे का? आणि वाफ बंद केल्यावर दाब किती सावकाश उतरवता? आम्ही घाईत उतरवतो, हे कबूल करतो.