गिटमधून काढलेला 'कोणी किती ओळी लिहिल्या' तक्ता म्हणजे मॅनेजरच्या हाती कोलीत

कोडकरी: काल रिपोर्टवाला यांनी इथे लिहिलं की गिट लॉगवर (गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही) वीस मिनिटांत स्क्रिप्ट बसवली, आता कोणाचे किती कमिट (नोंदवलेले बदल), किती ओळी घातल्या-काढल्या याचा तक्ता दर महिन्याला मॅनेजरकडे जातो आणि "अप्रेझलची भांडणं मिटली". वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय. आमच्याकडे हे सोंग तीन महिने चाललं. पहिल्या महिन्याचा अव्वल नंबर एका फ्रेशरचा. पठ्ठ्याने तयार पॅकेज उतरवणारी एनपीएम इन्स्टॉल कमांड मारून पॅकेज-लॉक ही आपोआप बनणारी फाईल कमिट केली होती, हजारो ओळी खात्यावर जमा. तीन आठवडे प्रोग्राम अडकवून ठेवणाऱ्या एका डेडलॉकमागे घालवलेल्या आमच्या सीनिअर बाईंपुढे आकडा होता +२, -१.

रिपोर्टवाला: अहो, नाचता येईना अंगण वाकडं! लॉक फाईल लॉगमधून वगळता येते, शाखा जोडताना पडणारे मर्ज कमिट नको असतील तर नो-मर्जेस हा पर्याय आहे. आधी काय व्हायचं तेही सांगा ना. जो साहेबाबरोबर टपरीवर जायचा त्याला 'आउटस्टँडिंग'. माझा तक्ता निदान चहा पीत नाही.

जुनं_खोड: चहाचं पटलं, नाइलाजाने. बाकी ओळी मोजायचा सोस जुनाच. १९८२ साली अ‍ॅपलमध्ये लिसा कॉम्प्युटरच्या टीमकडून दर आठवड्याला ओळींचा फॉर्म भरून घ्यायचे. त्या टीमच्या बिल अ‍ॅटकिन्सनने स्क्रीनवर चित्रं काढणाऱ्या क्विकड्रॉच्या कोडमधला एक भाग नव्याने लिहून तो वेगवान केला, वर कोड घटला. फॉर्मवर आकडा टाकला -२०००. पुढे त्याच्याकडे फॉर्म मागणंच सोडून दिलं.

रिपोर्टवाला: आली का अ‍ॅटकिन्सनची आरती! माझ्या तक्त्यात काढलेल्या ओळींचा वेगळा रकाना आहे.

दोन_आडनावं: ओळी राहू द्या, माणसं तरी नीट मोजता का? लग्नानंतर नवा लॅपटॉप मिळाला, आयटीवाल्याने न विचारता त्यावरच्या गिटमध्ये सासरचं आडनाव टाकलं. रिपोर्टमध्ये माझ्या दोन बायका झाल्या. जुनी मार्चपासून गायब, दुसरी 'नवीन आहे, वेग कमी'. मीटिंगमध्ये मला विचारलं, "त्या आधीच्या मॅडम कुठे गेल्या?"

रिपोर्टवाला: त्यासाठी मेलमॅप फाईल असते. नवं नाव, नवा मेल, जुना मेल, एक ओळ. विषय संपला.

दोन_आडनावं: टाकली होती. तुमच्यासारख्याच एका शहाण्याने "बिल्डला लागत नाही" म्हणून रिव्ह्यूत नाकारली. आणि तुमच्या स्क्रिप्टमध्ये लेखकाच्या नावासाठी टक्का-ए पुढचा एन लहान आहे की मोठा (%an की %aN)? लहान एन मेलमॅपकडे ढुंकूनही बघत नाही.

स्क्वॉशग्रस्त: मेलमॅपने काय होणार, नावच पुसलं गेलं तर? आमचा लीड सगळ्यांच्या ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) स्वतःच्या मशीनवर स्क्वॉश करून, म्हणजे सगळे कमिट एकात दाबून, कमिट करायचा. ऑथर अर्थातच तो. माझे चाळीस कमिट, दीड महिना, सगळं त्याच्या नावावर. वर मलाच ऐकवलं, "यू नीड टू कॉन्ट्रिब्यूट मोअर."

जुनं_खोड: दोष लीडचा, स्क्वॉशचा नाही. चाळीसपैकी तीस कमिट 'फिक्स', 'फिक्स २', 'आता तरी चाल' असेच असणार. ते मेन ब्रँचवर कशाला?

स्क्वॉशग्रस्त: माझे कमिट तुम्ही पाहिलेत का? बायसेक्ट, म्हणजे बग कुठल्या कमिटने आला ते निम्मं-निम्मं करत शोधणं, कधी केलंय आयुष्यात? स्क्वॉश केलेल्या दोन हजार ओळींच्या कमिटवर येऊन थांबतं, मग बसा दिवे लावून.

जुनं_खोड: तुमच्या जन्माआधीपासून करतोय.

कोडकरी: गिट २००५ चं आहे काका.

जुनं_खोड: मग हाताने करायचो. आवाज चढवू नका. कमिटखाली को-ऑथर्ड-बाय (सहलेखक) म्हणून नाव लिहून घ्यायचं होतं, गिट २.२९ पासून शॉर्टलॉग ही कमिट मोजणारी कमांड त्यावरूनही मोजते.

स्क्वॉशग्रस्त: लिहिणार कोण? तोच लीड!

रिपोर्टवाला: एन लहान होता. आत्ता मोठा केला. आमचे सतरा जण अकरावर आले, म्हणजे चार महिने मी भुतांचे आकडे पाठवत होतो. ठीक आहे, नावांचा रकाना काढतो. कुठली फाईल सारखी बदलते, एवढंच ठेवतो. झालं समाधान?

कोडकरी: हे आधी केलं असतं तर मी जेवून झोपलो असतो. पण फाईलचा तक्ता खरंच कामाचा, आमच्याकडे बिलिंगची एकच फाईल दर आठवड्याला फुटते. स्क्रिप्ट टाका इथे.

दोन_आडनावं: आणि गेल्या चार महिन्यांचे रिपोर्ट? ते परत मागवणार की अप्रेझल त्यावरच?

रिपोर्टवाला: सोमवारी विचारतो.

स्क्वॉशग्रस्त: काका, हाताने बायसेक्ट म्हणजे नक्की काय करायचात?